पोट दुखतं तेव्हा तू कुठे असतेस?

चेन्नईला जायला मी उदगीर सोडलं त्या सकाळी पप्पांनी हैदराबादच्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक. चाकांवर हात मारून पाहिला, खाली वाकले, मग ड्रायव्हरला म्हणाले, "ब्रेक मी बघितलेत. निवांत जा." मला काहीच म्हणाले नाहीत. आईने दशम्यांचा डबा खिडकीतून दिला आणि डोळ्यांना पदर लावला. धाकटी पल्लवी, तेव्हा तेरा वर्षांची, स्टँडवर आलीच नाही. तिचं पोट दुखत होतं.

सहा वर्षं झाली त्याला. आमच्या घराण्यात नोकरीसाठी नांदेडच्या पलीकडे गेलेली मी पहिली मुलगी. चेन्नईत अड्यारला एक संस्था आहे, देशातल्या किशोरवयीन मुलामुलींचं आरोग्य कसं आहे, त्यांची झोप, जेवण, मन ठिकाणावर आहे का, याचा अभ्यास करणारी. एमएसडब्ल्यू झाल्यावर तिथे जागा मिळाली. गावात कुणाला हे काम समजावून सांगता येईना. शेवटी आईच शेजारणींना सांगायची, "पोरांची तब्येत विचारायची नोकरी आहे."

राहायला वेस्ट मांबलममध्ये एका मामींकडे खोली मिळाली. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले ते तिथलेच झाले. मामींनी महाराष्ट्र पाहिलेलाही नाही. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ये मा, आत ये, बैस," आणि मला वाटलं, मराठीच आहे, पण कुणीतरी तमिळच्या चालीवर म्हणतंय. निम्मं कळायचं, निम्मं अंदाजाने. माझ्या बोलण्यावर त्या हसायच्या. "तुझी मराठी फार घाईत असते," म्हणायच्या. त्यांच्या हातचा दहीभात, थयिर सादम, खात खात मी तमिळ शिकले. आता उदगीरला फोनवर बोलतानाही तोंडातून बरं, बरं ऐवजी "सरी, सरी" निघतं आणि आई विचारते, "काय सरी? पावसाच्या?"

काम सुरुवातीला सोपं वाटलं. शाळेत जायचं, मुलींना एकेकीला बाजूला बसवायचं, छापील प्रश्न विचारायचे, उत्तरापुढे खूण करायची. आमच्या प्रमुख वसंता मॅडम मात्र कडक होत्या. प्रशिक्षणात मी नमुन्यादाखल एकीला विचारलं, "तू बरी आहेस ना?" मॅडमनी तिथेच थांबवलं. "तुझ्या प्रश्नात उत्तर आधीच बसलंय. तिने दुसरं काय म्हणावं?" मला राग आला होता. आमच्या घरी सगळे असंच विचारतात. जेवलीस ना, झोपलीस ना, बरी आहेस ना.

दुसऱ्या वर्षी एका शाळेत नववीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली. तिला सेल्वी म्हणते, खरं नाव सांगणार नाही. उदास वाटतं का? नाही. भीती वाटते का? नाही. काळजी कुणाला सांगतेस? अम्माला. सगळ्या खुणा चांगल्या पडल्या. मी कागद मिटत होते तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "अक्का, पोट दुखण्याचं विचारत नाही का तुम्ही? माझं रोज सकाळी दुखतं."

माझं तमिळ तोकडं, म्हणून मी मॅडमना बोलावलं. त्या तिच्याशेजारी बाकावर बसल्या. औषधाचं नाही विचारलं. म्हणाल्या, "दुखायला लागतं तेव्हा तू कुठे असतेस?"

सेल्वी बाकाची कड नखाने खरवडत राहिली. मॅडम काही न बोलता थांबल्या. मग ती म्हणाली, "बसस्टॉपवर." आणि हळूहळू सगळं आलं. तिथे उभी राहणारी मोठी माणसं, त्यांचं बोलणं, एकाने धरलेला हात. घरी सांगितलं तर शाळा बंद होईल म्हणून गिळलेलं सगळं. मॅडमनी आधी तिला विचारलं, कुणाला सांगितलेलं चालेल? मग तिच्या वर्गाच्या बाईंना, नंतर तिच्या आईला बोलावलं. तिची शाळा सुटली नाही. पुढच्या आठवड्यापासून आई आणि शेजारच्या दोन मुली तिच्याबरोबर स्टॉपवर यायला लागल्या, आणि त्या माणसांची तक्रारही झाली.

परतताना बसमध्ये मला पल्लवी आठवली. दर फोनवर पप्पा सांगायचे, "मजेत आहे. तिच्या पोटाचं काय ते चालूच असतं. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय." आणि मी ते ऐकून फोन ठेवायची. दिवसभर परक्या मुलींना विचारत होते, माझ्या बहिणीला एकदाही विचारलं नव्हतं.

पोंगलची सुट्टी म्हणजे आपली संक्रांत. मी उदगीर गाठलं. पल्लवी दहावीत होती, मनगटं काटकुळी झालेली. दुपारी मागच्या पायरीवर आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी विचारलं, "पोट दुखतं तेव्हा तू कुठे असतेस गं?"

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "घरातच. तू फोन ठेवलास की."

मी गप्प बसले, मॅडम बसल्या होत्या तशी.

"तू फोन ठेवलास की पप्पा म्हणतात, बघ ताई कुठे पोचली. ताई, मला गणित येत नाही. सहामाहीचा पेपर मी फाडून टाकला. मला तुझ्यासारखं जाता येणार नाही." आणि एक शेंग मोडत म्हणाली, "कधी कधी वाटतं, मी नसलेलीच बरी."

मी तिचा हात धरला. पप्पांना सांगू का, विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली, आणि मग म्हणाली, "तू सांग. मी आत बसते."

मला वाटलं होतं पप्पा चिडतील. ते ऐकत राहिले, आणि मग ज्या हातांनी आयुष्यभर इंजिनं उघडली ते हात मांडीवर तसेच ठेवून म्हणाले, "गाडीचा आवाज बदलला की मला अर्ध्या मैलावरून कळतं. पोरीचा नाही कळला." दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिला लातूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुढेही दर पंधरा दिवसांनी जात राहिले. त्या वर्षी तिने परीक्षा दिली नाही. नातेवाईक नाही नाही ते बोलले. पप्पांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "गाडी दुरुस्तीला आहे. झाली की निघेल."

पुढल्या वर्षी ती पास झाली, बेताच्याच गुणांनी. आता लातूरला डिप्लोमा करते. परवा एका विषयात नापास झाली, तेव्हा तिने स्वतः फोन केला, पोटभर रडली, आणि मग म्हणाली, "बरं वाटलं. आता जेवते."

तुम्ही जे गावीच राहिलात, ते कधी म्हणता, एवढ्या लांब जाऊन काय मिळवलंस? आणि माझ्यासारखे जे निघाले, ते इथे चेन्नईत टी. नगरच्या बाजाराच्या गर्दीत भेटले की विचारतात, परत कधी जायचं? मला दोन्हींचं उत्तर नीट देता येत नाही. एवढं मात्र माहीत आहे की एका परक्या मुलीने मला तिचं दुखणं सांगितलं नसतं, तर माझ्या बहिणीचं मला ऐकू आलं नसतं. सेल्वीला हे ठाऊक नाही. तिचे उपकार मी उराशी बाळगून आहे.

गेल्या महिन्यात मी तापाने पडले. सकाळी पप्पांचा फोन आला तेव्हा बोलवेना. मामींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावून उशाशी बसल्या.

"ताप आहे. कषायम दिलंय मी."

"काय दिलं?" पप्पा ओरडले. लांबच्या फोनवर ओरडूनच बोलावं लागतं असं त्यांना अजून वाटतं.

"काढा हो, काढा! मिरी, सुंठ."

"हां, हां. गूळ घातला का?"

"घातला. तुमच्याकडे तुळस घालतात काय?"

मग तुळशीवरून हळदीवर, हळदीवरून पल्लवीच्या हॉस्टेलच्या जेवणावर, तिथून मामींच्या गुडघ्यांवर बोलणं गेलं. एकमेकांचं निम्मं त्यांना कळत नव्हतं, तरी कुणी थांबत नव्हतं. कुणी गाव विचारलं की मी अजून उदगीरच सांगते. पण त्या सकाळी डोळे मिटून त्या दोघांची मराठी ऐकताना मला कुठेच जायचं नव्हतं, कुठून आलेही नव्हते. मी कूस बदलली. मामींनी आवाज थोडा कमी केला, फोन बंद केला नाही. मला झोप लागली.