बाई, मास्तर आणि पळालेला टेम्पो

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. लहानथोर सगळे त्यांना "बाई" म्हणायचे, आणि नुसतं "बाई" म्हटलं की त्याच. बाईंचे वडील बस चालवायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ते लेकीला इंजिनाच्या झाकणावर बसवून न्यायचे, त्यामुळे धुळाक्षरांच्या आधी पोरीला गिअर कळले. पण नोकरी लागली ती शाळेच्या कचेरीत. मग शाळाच बंद पडली. "आता बसा घरी निवांत," असं जो तो सांगायला लागला, आणि निवांत बसायचं म्हटलं की बाईंच्या तर अंगावर काटा येई. त्यांनी एक जुनी निळी गाडी घेतली, वेल्डरकडे नेली आणि म्हणाल्या, "माझ्या पायापाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून दे."

"आणि अ‍ॅक्सिलरेटर?" वेल्डरने विचारलं.

"तो नको. पळायची हौस शिकणाऱ्याला असतेच. थांबवायचं मी बघते."

तेव्हापासून त्या शेजारच्या सीटवरच असायच्या. किती जणांना त्यांनी शिकवलं याचा हिशेब नाही. एकट्या नवऱ्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले. तो बिचारा घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढ्या स्प्रिंगला न घाबरणारा माणूस स्टिअरिंगसमोर बसला की डोळे मिटून घ्यायचा.

त्या दुपारी गाडीत दोन शिकाऊ होते. मागच्या सीटवर दवाखान्यातल्या सिस्टर, रात्रपाळी करून आलेल्या, आपली पाळी येईपर्यंत डुलक्या घेत होत्या. आणि स्टिअरिंगवर होते मास्तर. मास्तर म्हणजे बाजारातले शिंपी. बायकोचे गुडघे गेले, तिला बसच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मास्तरांनी गाडी शिकायला घेतली होती. कापडावर कात्री चालवताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही, ते मास्तर गाडी अशी चालवायचे की जणू बारीक हात-शिलाई घालतायत. बोटभर पुढे, थांब. बोटभर पुढे, थांब. दुसऱ्या गिअरपलीकडे त्यांची मजल गेली नव्हती.

"मास्तर, बैलगाडीवाला हसतोय आपल्याला," बाई म्हणाल्या.

"हसू दे की, बाई. तो पोहोचेल, आपणही पोहोचू."

वीटभट्ट्यांच्या पुढे नदीकडे जाणारा सरळ, मोकळा रस्ता होता. शिकाऊंना बाई तिथे आणायच्या. पुढे थोड्या अंतरावर पोस्टमन सायकलवर चालला होता. मागून येणाऱ्या निळ्या गाडीचा आवाज ओळखून त्याने न वळताच हात उंचावला. एवढ्यात पाठीमागून हॉर्न कोकलला. एक पांढरा टेम्पो सुसाट आला, निळ्या गाडीला घासून पुढे गेला, घाईघाईत कडेला आला, आणि धाडकन आवाज झाला.

सायकल हवेत उडाली. पोस्टमन चेंडूसारखा रस्त्याकडेच्या चारीत जाऊन पडला. त्याची पिशवी फुटली, आणि पत्रं रस्ताभर पांढऱ्या कोंबड्यांसारखी सैरावैरा पळाली.

बाईंचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. गाडी थांबली तेव्हा त्यांनी समोर बघितलं. टेम्पोही थांबला होता. मागचे लाल दिवे लागले होते, खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, मागे वळून त्याने चारीकडे बघितलं. बाईंना वाटलं, आता उतरेल, धावत येईल. डोकं आत गेलं. लाल दिवे विझले. मागचा फाळका आदळत, धूळ उडवत टेम्पो निघून गेला.

धडक बघून बाईंच्या काळजाचा ठोका चुकला होता; हे बघून मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न बघता पळाला असता तर एक वेळ समजलं असतं. हा बघून पळाला होता.

सिस्टरची झोप कुठल्या कुठे गेली होती. त्या चारीत गुडघ्यावर बसून पोस्टमनची नाडी बघत होत्या. "श्वास आहे!" त्या ओरडल्या. "मांडीचं हाड गेलंय. याला हलवू नका कुणी!" भट्टीवरची माणसं हातातलं काम टाकून पळत येत होती. "बाई, माझ्याकडे माणसं आहेत. भट्टीचा ट्रक आहे. तुम्ही त्याला सोडू नका, जा!"

"नंबर दिसला का कुणाला?" बाईंनी विचारलं.

नंबरपाटीवर चिखलाचा लेप होता. कुणालाच काही दिसलं नव्हतं. पांढरे टेम्पो तर गल्लोगल्ली असतात. हा एकदा डोळ्याआड झाला की कायमचा झाला.

बाई गाडीत बसल्या त्या सवयीने आपल्याच सीटवर. जागा बदलायला आता वेळ नव्हता.

"मास्तर, चला."

"कोण?"

"तुम्ही."

"मी?" मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मला तिसरा गिअर माहीत नाही!"

"मला माहीत आहे. गिअर मी टाकते, क्लच मी दाबते, ब्रेक माझा. तुम्ही फक्त हँडल सांभाळा आणि उजवा पाय खाली. दाबा!"

मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि दाबला. निळी गाडी बेडकासारखी एक उडी मारून सुटली. बाईंनी आडवा हात टाकून गिअर ओढला. "दुसरा. दाबा. अजून दाबा. पाय काढा... तिसरा! आता दाबा!" आजवर त्यांच्या तोंडून एकच शब्द हजारदा निघाला होता: हळू. आज त्या गळा फाडून "दाबा" म्हणत होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्यांना त्यात गोडी वाटायला लागली होती. इंजिन किंचाळत होतं. खिडकीतून गरम वारा आत घुसत होता. दूर, रस्त्याच्या टोकाला, धुळीचा एक लोट पळत होता.

एका हाताने त्यांनी पोलिसांना फोन लावला. चौकी नदीपलीकडे, पुलाच्या तोंडाशी.

"नंबर सांगा गाडीचा," पलीकडचा आवाज म्हणाला.

"नंबरावर चिखल आहे. म्हणून तर मागे लागलोय!"

"आमची गाडी दुसऱ्या कामावर आहे, बाई. यायला वेळ लागेल. तुम्ही पाठलाग करू नका, धोका असतो. कुठे आहात ते..." आणि रेंज गेली.

"काय म्हणाले?" मास्तरांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"सांभाळून जा म्हणाले. दाबा!"

पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एक पुलाकडे जायचा, दुसरा नदीच्या धक्क्याकडे. धुळीचा लोट दिसेनासा झाला होता. फाट्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. खडी, डांबराची पिंपं आणि फावड्यांवर रेललेली माणसं. बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "पांढरा टेम्पो! माणूस उडवून पळालाय! कुठे गेला?"

सगळी फावडी एकदमच धक्क्याच्या दिशेने उठली. "आत्ताच गेला! आमच्याही अंगावर घालत होता!" मुकादमाने मधलं पिंप लाथेने ढकलून वाट मोकळी केली. मास्तरांनी हँडल वळवलं, खडीवरून गाडी सरकली, मागचा भाग लचकला, आणि ती सरळ झाली.

"बाई!" मास्तरांचे डोळे चमकत होते. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "चौथा पण असतो ना?"

"असतो!" म्हणत बाईंनी चौथा टाकला.

आता उताराचा रस्ता होता. खाली नदी लखलखत होती. त्या नदीवर गाड्या आणि माणसं पलीकडे नेणारी एक सपाट फेरीबोट चाले. पुलावर पोलीस, म्हणून हा इकडून पलीकडे सटकणार, हे बाईंच्या ध्यानात आलं. आणि झालंही तसंच. ते धक्क्यापाशी पोहोचले तोवर बोट निघाली होती. पाच-सहा उतारू आणि मधोमध पांढरा टेम्पो.

"थांबवा, मास्तर!"

मास्तर थांबेनात. नजर बोटीवर खिळलेली, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर लोखंडासारखा घट्ट. गाडी धक्क्याच्या उतारावरून थेट पाण्याकडे धावली. बाई दोन्ही पायांनी ब्रेकवर उभ्याच राहिल्या. "पाय काढा! मास्तर, पाय काढा!" चाकं घसरली, दगडांवर खरवडली, आणि पुढची दोन्ही चाकं पाण्यात बुडवून गाडी थांबली.

मास्तरांनी खिडकीतून खाली वाकून बघितलं. मग मास्तर म्हणाले, "आपण नदीत आहोत का?"

"अर्धे," बाई म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या.

मास्तरांनी हॉर्न वाजवला. त्या गाडीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेलं मांजर. बोटीच्या इंजिनापुढे त्याची काय डाळ शिजणार? बाईंनी हाका मारल्या, हात हलवले. बोट पुढेच चालली. तेव्हा त्या बॉनेटवर चढल्या, टपावरची "शिकाऊ" लिहिलेली लाल पाटी दोन्ही हातांनी उखडून काढली, आणि डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने हलवायला लागल्या.

बोटवाल्याने लाल रंग बघितला. निळी गाडी त्याच्या रोजच्या ओळखीची. चढावर गाडी उभी करायचं शिक्षण त्याच धक्क्यावर चाले. त्याने इंजिन बंद केलं. नदीवर एकदम शांतता पसरली.

"काय झालं, बाई?"

"तो टेम्पो! पोस्टमनला उडवून पळालाय! त्याला उतरू देऊ नकोस!"

पाण्यावरून आवाज लख्ख गेला. बोटवाल्याने टेम्पोकडे बघितलं, मग नांगराची साखळी उचलली आणि शांतपणे पाण्यात सोडली. टेम्पोवाला दार उघडून बाहेर आला. तिशीतला, नीटनेटका, घामाने चिंब झालेला माणूस.

"चल ना! थांबलास कशाला?"

"इंजिन थकलंय," बोटवाला म्हणाला. "जरा विसावा घेऊ दे."

बोटीवर दोन गवंडी होते. त्यांनी बाह्या सावरल्या. "पोस्टमनला? आमच्या पोस्टमनला? घाला याला नदीत!" एकाने टेम्पोवाल्याची गचांडी धरली. बोटवाल्याने मध्ये बांबू आडवा घातला. "माझ्या बोटीवर कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. पळून पळून जाणार कुठे? चारी बाजूंनी पाणी आहे." त्याने खिडकीतून हात घालून टेम्पोची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. कोपऱ्यात टोपल्या घेऊन बसलेली भाजीवाली मात्र कुणाचं ऐकेना. तिने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा जो उद्धार सुरू केला तो तिलाच दम लागला तेव्हा थांबला.

टेम्पोवाला बोटीच्या कडेला आला. पाण्याकडे बघून मागे सरकला. मग काठावरच्या बाईंकडे बघून त्याने हाक मारली. आवाज चिरका येत होता.

"मेला का तो?"

बाई बॉनेटवर उभ्या होत्या, हातात पाटी. काठावर रेंज आली होती; पोलिसांना धक्क्यावर या म्हणून सांगून झालं होतं, आणि नुकताच सिस्टरचा फोन येऊन गेला होता. ट्रकातून दवाखान्यात पोहोचले, शुद्धीवर आलाय, बोलतोय. टेम्पोवाल्याचा प्रश्न ऐकून बाईंना वाटलं, सांगू नये. तळमळू दे त्याला. पोलीस येईपर्यंत असाच पाण्यावर लटकू दे. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तो माणूस तसाच उभा होता, मान पुढे काढून, एका शब्दासाठी.

"जिवंत आहे!" बाई ओरडल्या. "पाय मोडलाय. पण जिवंत आहे!"

तो मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला.

पोलीस आले तेव्हा उन्हं कलली होती. बोट परत काठाला आली, साहेबांनी टेम्पोवाल्याला ताब्यात घेतलं, आणि मग बाईंकडे मोर्चा वळवला. "पाठलाग करू नका सांगितलं होतं ना? आणि वर शिकाऊ माणसाच्या हातात गाडी! चालवत कोण होतं?"

"हात यांचे, पाय माझे," बाई म्हणाल्या.

साहेबांना हसू आवरेना. तरी बोलायचं ते त्यांनी बोलून घेतलंच, आणि ते चूक नव्हतं, हे बाईंनाही कळत होतं. मधे एखादं मूल आलं असतं तर? त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढे टेम्पोवाल्यावर खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. पोस्टमनच्या मांडीत सळई बसली आणि काठी टेकत का होईना तो चालायला लागला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून सिस्टरचा पुन्हा फोन आला. "बाई, हा माणूस औषध घेत नाही. पत्रं, पत्रं म्हणतोय. गोळा करून वाटल्याशिवाय गोळी गिळणार नाही म्हणतो."

मग काय, बोटवाल्याने आणि गवंड्यांनी ढकलून निळी गाडी पाण्याबाहेर काढली आणि बाई नि मास्तर परत भट्टीपाशी आले. भट्टीवरच्या बायकांनी बरीचशी पत्रं वेचून विटेखाली ठेवली होती. उरलेली बाईंनी आणि मास्तरांनी काटेरी झुडपांतून सोडवली. गाडी मास्तरच चालवत होते, पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बाई मांडीवर पत्रं घेऊन पत्ते वाचत होत्या.

पहिल्या दारात त्यांनी पत्र दिलं. "पोस्टमन कुठे?" असं घरच्यांनी विचारलं, आणि बाईंनी झालं ते सांगितलं, थोडक्यात, दारातच उभ्या राहून. दुसऱ्या दारात जरा सविस्तर. तिसऱ्या दारात घरच्यांनी पाणी आणलं, तेव्हा मास्तरही गाडीतून उतरले आणि खडीवर गाडी कशी लचकली ते हातांनी दाखवायला लागले. शेवटचं पत्र गिरणीवाल्याच्या घरचं होतं. तिथे पोहोचेपर्यंत गोष्टीतली गाडी निम्मी नदी ओलांडून गेली होती, पाणी खिडकीपर्यंत आलं होतं, आणि मास्तर पाचव्या गिअरमध्ये होते.

"पण बाई," गिरणीवाला म्हणाला, "तुमच्या गाडीला तर चारच गिअर आहेत. मीच नाही का शिकलो तिच्यावर?"

बाईंनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी बाईंकडे.

"आज होता," मास्तर म्हणाले.