ताईला विचारून घेतलेला लॅपटॉप

तो लॅपटॉप माझ्या बहिणीच्या आधी मी पाहिला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझी बाजू म्हणून एवढंच आहे.

अमरावतीत राजकमल चौकाच्या थोडं पुढं एक मोठं दुकान आहे. बाजारात आल्याच्या आठवड्यातच त्यांनी तो काचेच्या टेबलावर मांडला होता. मी गेले होते साधा माउस घ्यायला. जाता जाता त्याचं झाकण एका बोटानं उचललं, तर ते अलगद उघडलं आणि मी तिथंच खिळले. माझ्या घरच्या लॅपटॉपचं झाकण उघडायला दोन हात लागतात. त्याची एक बिजागरी मी चिकटपट्टीनं बांधलेली आहे, आणि बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे लाइन गेली की कुणाच्या तरी प्रबंधाचं अर्धं पान गेलंच म्हणून समजा.

मी प्रबंध टाइप करून देते. विद्यापीठाच्या गावात या कामाला तोटा नाही. लोक हातानं लिहिलेले गठ्ठे आणून देतात, मी तळटीपा लावते, संदर्भसूची जुळवते, आणि पंधरा दिवसांनी तेच लोक येऊन म्हणतात, ‘मॅडम, गाइडनं परत बदल सांगितले.’ वीस वर्षं झाली, गाइडचे बदल काही संपले नाहीत.

माझी धाकटी बहीण अकोल्यात दिलेली आहे. ती घरी बसून लग्नाचे अल्बम आणि पत्रिका डिझाइन करते. हे काम तिला मी शिकवलं. फोटोतून माणूस कडेकडेनं कसा कापून काढायचा, नवरीच्या चेहऱ्यावर उजेड कसा आणायचा, सगळं तिच्या लग्नाआधी माझ्याच टेबलाशी बसवून. आता तिच्याकडे मूर्तिजापूरहून, पार अंजनगाव सुर्जीहून कामं येतात. लोक तिच्या कामाला वा म्हणतात. माझ्या कामाला वा म्हणायचं म्हणजे काय म्हणणार, संदर्भसूची किती सुंदर आहे?

पण एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती. बहीण मला विचारल्याशिवाय काही घ्यायची नाही. कुकर असो, गादी असो, सासूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठं करायचं ते असो, आधी अमरावतीला फोन. ‘ताई, घेऊ काय व?’ मी थोडी खोकायची, थोडा विचार केल्यासारखा आवाज काढायची आणि मग निकाल द्यायची. तिचा नवरा थट्टा करायचा, ‘थांबा, अमरावतीहून मंजुरी येऊ द्या.’ आई गेल्यावर मोठेपण म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, आणि ते मी फार जपून ठेवलं होतं.

त्या दुकानात मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी तिथला विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, आज नेता का मग?’ मी म्हटलं, ‘पाहून राहिली.’ घरी येऊन त्या लॅपटॉपबद्दल मिळेल ते वाचलं, मिळेल ते पाहिलं. व्हिडिओतल्या कोणत्या मुलानं तो किती तास चालवला, कोणाचा किती तापला, सगळं मला तोंडपाठ झालं. शेवटी मी ठरवलं, नको. नुसत्या टायपिंगला लाखाच्या वरचं यंत्र कशाला? कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे मलाही कळत होतं, पण कोल्ह्यानं तरी काय करावं?

आणि मग तिचा फोन आला.

‘ताई, तो नवा लॅपटॉप आला ना, तो घेऊ काय व? माया जुना तर एक अल्बम उघडाले दहा मिनिटं लावते. लग्नाचा सीझन येऊन राहिला.’

तिनं तो फक्त मोबाइलवर पाहिला होता. मी त्याला हात लावला होता, त्याच्यावर माझं नाव टाइप करून पुसलं होतं. आणि तिच्यापुढं प्रश्न होता तो घ्यावा की नाही एवढाच. घेता येईल की नाही, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तो माझा प्रश्न होता. या एका फरकानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

‘तुले अकोल्याचं ऊन माहीत आहे ना?’ मी म्हटलं. ‘त्यात पंखाच नाही. मे महिन्यात त्याच्यावर आमलेट होईन. आणि पहिल्या मालात खोड्या असतातच. सहा महिने थांब.’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. जळणारा माणूस खोटं बोलत नाही, खरं तेवढं निवडून बोलतो. तिच्या कामाला लागणारे रंग त्या पडद्यावर जसेच्या तसे दिसतात, तिचा दहा मिनिटांचा अल्बम तो चुटकीसरशी उघडेल, हेही मला पाठ होतं. ते मी माझ्यापाशीच ठेवलं.

‘बरं, थांबते मंग,’ ती म्हणाली. तिचा माझ्यावर इतका भरवसा होता. मी फोन ठेवला आणि आलं घालून मस्त चहा केला.

त्या सीझनला तिचं एक मोठं काम हातचं गेलं. अल्बम वेळेवर झाला नाही, लोक दुसरीकडे गेले. तिनं मला बोल लावला नाही, नुसतं सांगितलं. मी म्हटलं, ‘होते असं.’ काही दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, ‘ताई, आता घेऊ काय?’ सहा महिने तर मीच सांगितले होते आणि ते होत आले होते. मी म्हटलं, ‘घे बाई, तुले पाहिजे तर घे.’ त्या ‘बाई’मध्ये जेवढं घालता आलं तेवढं घातलं. तिला ते ऐकूच गेलं नाही. जुना लॅपटॉप दुकानात देऊन तिनं नवा आणला, आणि लगेच फोन, ‘उघडला नाही मी. तू ये, तुया हातानं पूजा कर. मंगच चालू करू.’

मी बसनं अकोल्याला गेले. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा परत फिरावंसं वाटलं होतं, ते वाटलं तसंच राहिलं.

बहिणीचं सासर शेतकऱ्याचं. त्या घरात कोणतंही यंत्र पूजेशिवाय चालू होत नाही, मग तो ट्रॅक्टर असो की शिलाई मशीन. सासूबाईंनी पाट मांडला होता, त्यावर नवा ब्लाउजपीस, आणि ब्लाउजपीसवर खोका. बहिणीनं लॅपटॉप काढून पाटावर ठेवला आणि झाकण उघडलं. तो आपोआप चालू झाला. त्या उजेडात तिचा चेहरा इतका खुलला की मी हळदीच्या वाटीकडे पाहत राहिले.

मी सांभाळूनच पूजा करत होते. झाकणाच्या पाठीवर कुंकवाचं एक बोट, हळदीचं एक बोट, बस. सासूबाईंना ते पटेना.

‘हे असं चोरल्यावानी काय करून राहिली?’ त्या म्हणाल्या. ‘लक्ष्मी आहे थे. लग्नात टाकता तशा टाका अक्षता.’ आणि त्यांनी स्वतःच मूठभर कुंकवाच्या अक्षता उघड्या लॅपटॉपवर टाकल्या.

बहीण हसली. रंगाचा मऊ ब्रश आणून तिनं एकेक दाणा ताटलीत गोळा केला, फुंकर मारली. सासूबाई हार घेऊन उभ्याच होत्या. ‘झाकन लाव आता, वरतून हार घालू.’

एक दाणा राहिला होता. वरच्या ओळीत, बिजागरीजवळ, बटणाच्या कडेला अडकलेला लाल तांदूळ. मला तो स्वच्छ दिसला. त्या लॅपटॉपचं झाकण बसलं की पडदा आणि बटणं यांच्यामध्ये कागदाएवढीही जागा उरत नाही, मध्ये काही राहिलं तर पडदा जातो, हे मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं. बहिणीनं तळहात झाकणावर ठेवला. ‘थांब’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं नाही.

पापड मोडावा तसा आवाज झाला, पण अगदी बारीक. सासूबाईंनी हार घातला, नारळ फोडला, मी टाळ्या वाजवल्या. मग बहिणीनं झाकण उघडलं. पडद्याच्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग होता आणि तिथून हिरव्या-गुलाबी रेघा खालपर्यंत गेल्या होत्या.

खरं लिहायचं तर एक श्वासभर मला बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. आणि लगेच ती जमिनीवर बसली.

‘आधीच खराब दिला असंन,’ सासूबाई म्हणाल्या. ‘वापस करा त्याले.’

बहिणीनं कोपऱ्यातला चिरडलेला तांदूळ बोटाच्या टोकावर घेतला आणि पाहत राहिली. ‘दुकानवाल्यानं नाही, माया हातानं झालं,’ ती म्हणाली. ‘जुना तर देऊन टाकला मी. आठ दिवसांवर दोन अल्बम आहेत. लोकायले काय सांगू आता?’ मी ‘अरे देवा’ म्हटलं. ते इतकं छान जमलं की माझी मलाच लाज वाटली.

दुकानात फोन लावला. दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील म्हणाले, आणि असं फुटलेलं वॉरंटीत बसत नाही. ते दोन अल्बम तिनं फोन करून सोडून दिले. प्रत्येक फोनला ती हात जोडल्यासारखी माफी मागत होती, आणि मी शेजारी बसून पोहे खात होते. पोहे पुढ्यात आले होते, आणि ते नाकारायला काही कारण सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी ती मला स्कूटरवर स्टँडवर सोडायला आली. मी मागं बसले होते. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच जमलं.

‘मले तो दाणा दिसला होता,’ मी म्हटलं.

तिनं स्कूटर थेट स्टँडच्या फाटकाशी नेऊन बंद केली. ‘कवा?’

‘तू झाकन लावाच्या आधी.’

‘मंग बोलली कावून नाही?’

‘तो मले पायजे होता,’ मी म्हटलं. ‘मले पायजे होता आणि तुले भेटला. पोटात दुखून राहिलं होतं माया.’

तिनं ओढणी नीट केली. मग एवढंच विचारलं, ‘आणि ते उन्हाचं? थांब म्हनली होती ते?’

‘ते बी तसंच,’ मी म्हटलं.

ती रडली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझी पिशवी उचलली, बसमध्ये चढून खिडकीची जागा धरली, पिशवी वर ठेवली आणि उतरली. ‘पोचली की फोन कर,’ म्हणाली, आणि मी पोचल्यावर फोन केला.

लॅपटॉप दुरुस्त झाला. अकोल्याच्या मे महिन्यातही त्याला काही झालं नाही. घरात कोणाला तिनं माझं नाव सांगितलं नाही. सासूबाईंना अजून वाटतं, दुकानदारानंच फसवलं. आमचे फोन होतात, पहिल्यासारखेच लांबलचक. तिच्या पोरीचे मार्क, माझं ब्लडप्रेशर, कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं. मी प्रत्येक फोनच्या शेवटी जरा जास्त वेळ थांबते. ती ‘ठेवते मंग’ म्हणते आणि ठेवते.

मागच्या महिन्यात पोरीच्या वाढदिवसाला गेले होते. कामाच्या टेबलावर फोटो छापायचा मोठा नवा प्रिंटर होता. बहीण स्वयंपाकघरात होती. मी तो मागून-पुढून पाहिला, कागदाचा ट्रे ओढून पाहिला, तिथं पडलेला एक फोटो उजेडात धरून रंग पाहिले. तिच्या कामाला यापेक्षा चांगला मिळालाच नसता. मला विचारलं असतं तर मी हाच सांगितला असता, आणि या वेळी सगळं खरं सांगितलं असतं.

ती चहा घेऊन आली.

‘कवा घेतला?’ मी म्हटलं.

‘झाले तीन महिने.’

‘कोनाले इचारून?’

‘कोनालेच नाही,’ ती म्हणाली, आणि चहा माझ्या हातात दिला.