पुढच्या रांगेत सौहेंग

लाम सौहेंगला आमच्या गावात कोणी भित्री म्हटलं नाही, आणि गोडबोलीही म्हटलं नाही. पांढरा सदरा, काळी विजार आणि मागे घट्ट अंबाडा. इपोहच्या दक्षिणेला कथलाच्या खाणींच्या या गावात असा पोशाख दिसला की लोक ओळखायचे, ही लग्न न करण्याची शपथ घेतलेली बाई, कुणाच्या तरी घरी कामाला आहे. ऐन विशीत, चीनमधल्या आपल्या खेड्यात, तिनं कुआन यिन देवीसमोर बसून केस विंचरले आणि वर बांधले. नवरीचे केस दुसरं कोणी बांधतं. हिनं स्वतःचे स्वतः बांधले आणि तो विषय संपवला.

मग ती बोटीनं इकडे आली. मागून धाकट्या भावाला बोलावून घेतलं, त्याला चहा-कॉफीचं दुकान थाटून दिलं, त्याचं लग्न लावलं. वहिनी बाळंत झाली तेव्हा डुकराचे पाय आणि आलं काळ्या व्हिनेगरमध्ये रटरटवून हिनंच तिला महिनाभर खाऊ घातलं. त्या बाळंतपणातलं पोर म्हणजे खामफात. भाऊ गेला, वहिनी गेली, खामफात दुकानाचा मालक झाला. गालावर मांस चढलं आणि गावात मान मिळायला लागला. सौहेंगचं शरीर मात्र थकलं. काम सुटलं, तशी ती चे मिदा नावाच्या मलय बाईच्या मागच्या खोलीत राहायला आली.

एका सकाळी ती दुकानात गेली आणि भाच्याला सरळ विचारलं, "खामफात, मी मेल्यावर माझ्या नावाची पाटी तुझ्या देव्हाऱ्यात ठेवशील ना? तुझ्या आजी-आजोबांच्या पाटीशेजारी?"

खामफात कप विसळत होता, तो विसळतच राहिला. "आत्या, तुला रीत ठाऊक आहे. लग्न न झालेल्या लेकीची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. वाडवडील कोपतात."

"वाडवडील म्हणजे माझेच आई-बाप ना? त्यांना मी ओळखते. ते नाही कोपणार."

"मी काय करू? मी का रीत बनवली?"

सौहेंग परत आली. रागापेक्षा तिला भीती जास्त वाटत होती, हे सांगायला हवं. ज्याच्या नावाची पाटी नाही, त्याच्यापुढे कोणी उदबत्ती लावत नाही, भात ठेवत नाही. तो उपाशी वणवण फिरतो आणि वर्षातून एकदा, सातव्या महिन्यात, पाताळाची दारं उघडली की रस्त्याच्या कडेला मांडलेल्या पानांवर परक्यांचं खातो. सगळा जन्म परक्यांच्या स्वयंपाकघरात गेला. मेल्यावरही परक्याच्याच पानावर जायचं, ही कल्पना तिला सोसेना. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

खामफातला अगदीच लाज नव्हती असं नाही. त्यानं तोड काढली, आणि ती अशी की न काढली असती तर बरं. दोन दिवसांत लग्नं जमवणारी वाँगकाकू हसत हसत खोलीवर हजर झाली.

"हेंगताई, तुमच्यासाठी स्थळ आणलंय. घराणं चांगलं. तांदळाचे व्यापारी."

"आणि मुलगा?"

"मुलगा आता नाही. खाणीच्या डबक्यात बुडाला, विसाव्या वर्षी. रोज आईच्या स्वप्नात येतो म्हणे, बायको करून दे म्हणतो. तुम्ही त्याच्या पाटीशी लग्न लावा. मग तुमची पाटी त्याच्या शेजारी, त्यांच्या देव्हाऱ्यात. सुनेसारखं सांभाळतील तुम्हाला."

"नवरा वीस वर्षांचा, नवरीची साठी उलटलेली. लोक काय म्हणतील, पोराला घास भरवते की काय?"

"अहो, मेलेल्याचंही वय वाढतं. आज असता तर चाळिशीचा असता."

"म्हणजे आता टक्कलही पडलं असेल," सौहेंग म्हणाली. "वाँगकाकू, मी जिवंत पुरुषाच्या गळ्यात माळ घातली नाही. आता मेलेला गळ्यात बांधून घेऊ? आणि त्या पाटीवर माझं नाव काय लिहाल? 'अमक्याची बायको'. माझं नाव सौहेंग आहे. पोराच्या आईला सांगा, त्याच्या वयाची बघा."

वाँगकाकू पाय आपटत गेली. चे मिदा मागच्या पायरीवर केळीची पानं पुसत बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"एक गंमत बघ ताई," ती म्हणाली. "आमच्यात बाई बाळंतपणात मेली की ती पोंतियानाक होते. केस मोकळे सोडून केळीत बसते आणि पुरुषांना घाबरवते. तुमच्यात लग्न न करता मेली की भूत. म्हणजे केलं तरी भूत, नाही केलं तरी भूत. इकडे आड तिकडे विहीर."

"पुरुष मेले की काय होतात?"

"वाडवडील," मिदा म्हणाली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता सौहेंगच्या मनात काय आलं, ते तिनं मिदालाही सांगितलं नाही.

सातवा महिना लागला. या महिन्यात भुतांना भूत म्हणायचं नसतं, 'भले बंधू' म्हणायचं. देवळापुढच्या मैदानात बांबूचा मंडप उभा राहिला, कँटनी नाटकमंडळी आली. यंदाच्या धूपपात्राचा, म्हणजे उत्सवाच्या यजमानपदाचा, मान खामफातला मिळाला होता. देवीपुढे कौल लावला आणि त्याच्याच नावानं लागला. वर्षभराचा हा मान, आणि उत्सवात काही वेडंवाकडं झालं तर ते खापरही त्याच्याच डोक्यावर. म्हणून तो नवा सदरा घालून सगळीकडे लुडबुडत होता.

मंडपात पहिली रांग लाल खुर्च्यांची. ती रिकामी असते, म्हणजे आपल्याला रिकामी दिसते. तिथे भले बंधू बसतात. त्यांच्यामागे माणसं. एकदा पडदा वर गेला की खेळ थांबवायचा नाही, पाऊस येवो की आग लागो, कारण बंधू रागावतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुपारचा खेळ सुरू झाला, झांजा वाजल्या, आणि सौहेंग मधल्या वाटेनं चालत गेली. तिनं लाल खुर्चीपुढे हात जोडले आणि पहिल्या रांगेच्या बरोबर मध्यावर बसली.

मंडपात आधी कुजबुज झाली, मग कुजबुजही थांबली. उत्सवमंडळाचा म्हातारा लेओंग रांगेच्या टोकाशी आला. "हेंगताई, उठा. ती जागा कुणाची ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणून तर बसले. मेल्यावर हीच जागा मिळणार, असं भाच्यानं ठरवलंय. म्हटलं, खुर्ची डुगडुगते का आधी बघून घ्यावं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. लेओंगनं खामफातला पुढे ढकललं. खामफात घामाघूम झाला होता.

"आत्या, अगं ऊठ. लोक बघतायत."

"नाटकाला बघायलाच येतात."

"यंदा मान माझ्याकडे आहे. माझ्या दुकानावर संक्रांत येईल."

"मग ये इकडे आणि उठव मला."

खामफातनं रांगेकडे पाहिलं. आत्यापर्यंत जायचं तर पाच-सहा खुर्च्यांपुढून जायला हवं. कुणाचा गुडघा लागेल, कुणाच्या पायावर पाय पडेल, काय नेम? त्यानं एक पाय उचलला आणि परत ठेवला. अख्ख्या मंडपात तिला हात लावणारा एकही माईचा लाल नव्हता. वर राजपुत्र राजकन्येचा निरोप घेत रडत होता. बिचाऱ्याला थांबता येत नव्हतं, पण त्याचा एक डोळा खाली सौहेंगवर होता.

तिला काही वाटत नव्हतं, असं कोणी समजू नये. तिचा या सगळ्यावर पुरता विश्वास होता. शेजारच्या खुर्चीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. पण आवाज कापू दिला नाही.

"भल्या बंधूंनो," ती समोर बघत म्हणाली, "हा माझा भाचा. याच्या बापाला मी इकडे आणलं. हा जन्मला तेव्हा याला पहिली अंघोळ मी घातली. याच्या देव्हाऱ्यात मला जागा नाही. तुमच्याकडे आहे म्हणून आले."

आता हे प्रकरण गावाचं राहिलं नव्हतं, पहिल्या रांगेनं ते ऐकलं होतं.

"ठेवीन," तो पुटपुटला.

"काय ठेवशील?"

"पाटी. तुझी. आजीच्या शेजारी."

"कुणाच्या नावाची?"

"तुझ्या. लाम सौहेंग."

"मोठ्यानं बोल. यांच्यात म्हातारे असतील, ऐकू येत नसेल."

खामफातनं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं. झांजांच्या वरताण त्याचा आवाज गेला. माणसांना दिलेला शब्द माणसं विसरतात. पहिल्या रांगेपुढे दिलेला शब्द मोडण्याची छाती आमच्या गावात कुणाची नाही, कारण वसुलीला ते दर वर्षी येतात.

लेओंगनं सुटकेचा श्वास टाकला. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता उठा."

"का म्हणून?" सौहेंग म्हणाली. "जन्मभर नाटकं पाहिली ती मागे उभं राहून, मालकाचं पोर कडेवर घेऊन. पोर रडलं की बाहेर न्यायचं. एकाही नाटकाचा शेवट मला ठाऊक नाही, लेओंग. आजचा बघितल्याशिवाय मी उठत नाही."

मंडपाच्या मागच्या खांबापाशी यूकलान उभी होती. तसाच पांढरा सदरा, काळी विजार, कडेवर मालकाचा नातू. तिनं तो नातू त्याच्या आईच्या मांडीवर ठेवला. "अगं, कुठे निघालीस?" मालकीण म्हणाली, पण यूकलान मधल्या वाटेनं पुढे गेली होती. सौहेंगशेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे तिनं हात जोडले.

"दादा, जरा सरकून बसा," ती म्हणाली, आणि बसली.