मंगलामामींची पुढची सीट

पट्टा दिसला की पांडुरंगमामा दोन पावलं मागे सरकायचे. उधन्याच्या लूम कारखान्यात, यंत्रमागांवर, त्यांचं आयुष्य गेलं होतं. लूमचा पट्टा फिरत असताना कुणाचा शर्ट मोकळा दिसला, की मामांनी त्याची सात पिढ्यांसकट पूजा बांधलीच. एका कामगाराचा गमछा पट्ट्यात गेलेला त्यांनी पाहिला होता. माणूस वाचला, हात गेला. म्हणजे कारखान्यात मामांचं बरोबरच होतं.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या जावयाने, चेतनने, जुनी मारुती घेतली आणि आम्हाला नंदुरबारच्या लग्नाला न्यायला डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत आला. सासरे म्हणून मामा पुढे. मंगलामामी आणि मी, म्हणजे भाचा, मागे. यात विचारायचं काय? मामी कायम मागेच बसत आल्या होत्या.

चेतनने स्वतःचा पट्टा लावला. "मामा, तुम्हीपण लावा."

"मी बांधस नही. पट्टा माणूसले वढी लेस!"

चेतन गाडी सुरू करेना, मामा ऐकेनात. गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. शेवटी चेतन म्हणाला, "तुम्ही मशीनचा माणूस. ओढून तर पाहा."

मामांनी हळू ओढला; पट्टा आला. हिसका दिला, जागीच अडला. पुन्हा हिसका, पुन्हा अडला. मामा एकदम खूश.

"हाऊ त वढस नही, धरस!" म्हणाले आणि बांधून घेतला.

व्याऱ्याच्या पुढे म्हैस आडवी आली. चेतनने करकचून ब्रेक दाबला. मामांना पट्ट्याने जागीच धरलं. मागे पट्टे नव्हतेच. मी कसाबसा सावरलो. मामी मात्र चिवड्याच्या डब्यासकट दोन सीटांच्या मधे जाऊन पडल्या. कपाळाला टेंगूळ, केसांत चिवडा, आणि वर स्वतःच हसत होत्या.

मामा हसले नाहीत. त्यांनी आपल्या छातीवरचा पट्टा चाचपला, मामींच्या कपाळाकडे पाहिलं. इतके घाबरलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. ते खाली उतरले.

"तू पुढे बैठ."

"लोके काय म्हनतीन? जावईना शेजारे सासू?"

"म्हनू दे."

त्यांनी स्वतःच्या हाताने मामींना पट्टा लावला, हिसका देऊन तपासला आणि माझ्याशेजारी येऊन पुढची सीट घट्ट धरून बसले. "चेतनराव, सावकाश चालवा." एरवी मामा म्हणजे आमच्या डोक्याला ताप, पण त्या दिवशी मला ते फार आवडले.

सोनगड गेलं, नवापूर गेलं. एरवी अखंड बोलणाऱ्या मामी गप्पच. मामांचा जीव खालीवर होऊ लागला.

"डोकं दुखस का?"

"नही," मामी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तुमना मांगे चाली चाली जन्म गया. रस्ता आज दखाले भेटना."