द्राक्षासवाच्या बाटलीवरचे साल

मंडळी, आज सकाळी मारुतीला पाणी घालून मी पाटोद्याच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथे द्राक्षासवाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहितो: द्राक्षे कुठली आणि आसव कोणत्या फसली सालचे, म्हणजे कोणत्या सरकारी वर्षी घातलेले.

दुकानदार म्हणाला, "अण्णा, दौलताबादची द्राक्षं लिवा. साल जुनं टाका."

ज्यातून बाटल्या भरायच्या त्या रांजणाच्या तोंडाला लिंपलेली माती अजून ओली होती. आतून मोहाच्या दारूचा वास येत होता.

मी म्हणालो, "हे कालचं हाय. द्राक्ष कुठंय ह्यात?"

"लई इचार नका करू. पिणारा काय दौलताबादला जाऊन बघतोय?"

तेवढ्यात लिंबागणेशचा एक धनगर आला. त्याची बाळंतीण बायको अंथरुणाला खिळली आहे. फळीवर तसल्याच दारूची एक बाटली होती, तिला मागच्या खेपेची उरलेली माझी चिठ्ठी डकवलेली. ती उचलून तो म्हणाला, "अक्षर तुमचंच नव्हं, अण्णा? मग बिनघोर पाजतो."

 मी बाटली काढून घेतली, त्याला खरे सांगितले. पण बाकीची फळी रिकामी होती; माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या तसल्या बाटल्या आधीच विकल्या गेल्या होत्या.

त्या बाटल्या कुणाकडे गेल्या? तुमच्या घरी असेल तर आजाऱ्याला पाजू नका. माझ्या अक्षरावर विसंबू नका. चिठ्ठ्या लिहिणे मी सोडले, दुकानदाराला तोंडावर सांगून आलो.