कृष्णाबाईंनी ऊन दाखवलेली बरणी

कृष्णाबाईंच्या हाती दिलेली वस्तू नासत नाही, असं त्या स्वयंपाकाला जात ती मारतहळ्ळीच्या एका इमारतीतली चारही घरं मानत. कुणाच्या रव्यात कधी जाळी धरली नाही, कुणाच्या डाळीत पोरकिडा निघाला नाही. कुणी विचारलं तर त्या म्हणत, "काही नाही ओ, वेळच्या वेळी ऊन दाखवायचं. माणसालाबी लागतं, डाळीलाबी लागतं." एवढंच त्यांचं शास्त्र होतं आणि तेवढ्यावर तीस वर्षं निघाली होती.

निपाणीजवळच्या एका खेड्यात त्या सातवीपर्यंत शिकल्या, मराठी शाळेत. लग्न करून देवाप्पांबरोबर बेंगळुरूला आल्या. देवाप्पा होसकोट्याच्या कारखान्यात पॅकिंगला होते, आता गुडघे धरल्यामुळे घरीच असतात. मुलगी कावेरी लग्न होऊन हुबळीला. रिंग रोडच्या मागे जुन्या गावठाणात दोन खोल्या, भिंतीवर दत्ताचा फोटो, गुरुवारचा उपास. मराठी वाचता येतं, कन्नड बोर्डापुरतं येतं, इंग्रजी मुळीच नाही. पण स्वयंपाकघरात इंग्रजी लागतं कुठं, असं त्यांना गेल्या डिसेंबरपर्यंत वाटत होतं.

डिसेंबरात शलाकाताईंच्या घरात ते पिवळं पाकीट आलं.

शलाकाताई इंजिनियर, कंपनीत मोठ्या कामावर. नवरा ईशान महिन्यातले पंधरा दिवस परगावी, त्यामुळे घरात बहुतेक वेळ त्या आणि त्यांचे सासरे मधुकरराव, दोघंच. मधुकरराव सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथं त्यांचं काम तपासणीचं. सुटा भाग हातात घेऊन तो पास की नापास हे सांगायचं. ती सवय अजून गेली नव्हती. पोळी हातात आली तरी आधी उजेडाकडे धरून बघत.

दोन वर्षांपूर्वी शलाकाताई एक गोठा बघून आल्या आणि त्यांनी दूध सोडलं. दही, तूप, लोणी, सगळंच. मधुकररावांना ते पटलं नव्हतं, पण ते काही बोलले नाहीत. कृष्णाबाईंनाही पुरतं कळलं नव्हतं. मात्र त्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं, की हा ताईंचा नेम आहे. आपला जसा गुरुवार, तसं हे. कुणी कशासाठी धरलाय ते विचारू नये, फक्त आपल्या हातून मोडू देऊ नये. तेव्हापासून त्या घरातलं तुपाचं भांडं वेगळं, पळी वेगळी. मधुकररावांचं दही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकण लावून.

डिसेंबरात ताईंची रक्ततपासणी झाली. सारखा थकवा यायचा. बी-ट्वेल्व्ह काठावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या. ताई म्हणाल्या, आधी अन्नातून बघते. मग मधुकररावांनी जेवताना सरळ विषय काढला.

"शलाका, तीन महिने तुझ्या पद्धतीनं. मार्चमध्ये पुन्हा तपासू. आकडा वर आला तर मी या विषयावर जन्मात बोलणार नाही."

"आणि नाही आला तर?"

"तर रोज एक वाटी दही. भांडण नाही, चर्चा नाही. कबूल?"

ताईंनी घास तसाच ताटात ठेवला. "कबूल, बाबा."

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. न्यूट्रिशनल यीस्ट. ताईंची मैत्रीण शमिका कधीपासून खात होती, तिनंच सांगितलं होतं की यात बी-ट्वेल्व्ह असतं. पाकिटात पिवळेधमक, हलके, कोंड्यासारखे पापुद्रे. पाकीट उघडलं की वस्तू बरणीत, हा कृष्णाबाईंचा नियम. त्यांनी काचेची बरणी धुऊन, पुसून, कोरडी करून तो कोंडा तिच्यात भरला. पाकीट जाडजूड होतं, वर दाबून बंद होणारं. असलं पाकीट टाकणं म्हणजे पाप. ताईंना विचारून त्यांनी ते धुऊन घरी नेलं.

"हे पावाचं यीस्ट का ओ ताई? फुगतं का?"

"नाही, कृष्णाक्का. हे मेलेलं असतं. फुगत नाही. गॅस बंद केल्यावर वरून घालायचं फक्त."

पहिल्याच दिवशी कृष्णाबाईंनी पिठल्यात मोठा डाव भरून घातलं. अंगाला लागायला हवं ना. दुपारपर्यंत ताईंचं पोट ढोलासारखं झालं आणि त्या दिवशीच्या सगळ्या मीटिंगा त्यांनी उभ्यानं केल्या.

"फुगत नाही म्हणालीस ना?" मधुकरराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "फुगलं की."

ताईंना हसायचं होतं पण हसवेना. मग कृष्णाबाईंनी अर्ध्या चहाच्या चमच्यापासून धरलं. नव्या पाण्याची पोटाला सवय व्हायला आठ दिवस लागतात, तसे आठ दिवस दिले. मग एक चमचा, मग दोन. पिठल्यावर, वांग्याच्या भरतात, कधी लसूण आणि भिजवलेल्या काजूंबरोबर वाटून भाकरीला लावायला. पोट गप्प राहिलं. चव त्यांना सांगता यायची नाही. खारट नाही, आंबट नाही, पण जीभ पुन्हा मागते. मधुकररावांनी एकदा बरणीचं झाकण काढून वास घेतला.

"बी-कॉम्प्लेक्सच्या औषधाचा वास आहे हा. नापास."

"तुम्हाला कोण वाढतंय, साहेब," कृष्णाबाई म्हणाल्या. "तुमचं दही खावा की निवांत."

महिना झाला तसा त्यांनी बरणीला ऊन दाखवलं. पापुद्रे हलके, ताटात पसरले तर वाऱ्यानं खालच्या मजल्यावर जायचे, म्हणून बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधून बाल्कनीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवली. जानेवारीत एकदा, फेब्रुवारीत एकदा, मार्चच्या सुरुवातीला एकदा. रंग थोडा उतरला, पण हळदही उतरतेच. कोंडा कोरडा ठणठणीत राहिला, एक गुठळी नाही. ताई ऑफिसात, मधुकरराव दुपारी झोपलेले. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंही नाही. डाळीला ऊन दाखवलं हे कुणी सांगत बसतं का?

मार्चमधल्या एका बुधवारी रिपोर्ट आला. आकडा वर गेला नव्हता. उलट थोडा खालीच आला होता.

मधुकररावांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"कृष्णाक्का, उद्या तुमचा गुरुवार. परवापासून मलाही एक वाटी दही काढत जा."

आवाज नेहमीसारखाच होता. पण एवढं बोलून त्या तिथंच उभ्या राहिल्या, आणि कृष्णाबाईंना वाटलं, गुरुवारी कुणी आपल्यासमोर जेवणाचं ताट ठेवावं आणि नाही म्हणायची सोय नसावी, तसं हे.

संध्याकाळी घरी जाताना त्या देवाप्पांचं औषध घ्यायला दुकानात थांबल्या. बी-कॉम्प्लेक्सची पातळ औषधाची बाटली, काळपट तपकिरी काचेची. दुकानदार हयवदन ओळखीचा. त्याला त्यांनी सहज विचारलं, ही बाटली नेहमी अशी काळी का, आत किती उरलंय तेही दिसत नाही.

"अक्का, बिसिलिगे इडबेडी," तो म्हणाला. उन्हात ठेवू नका. "उजेड लागला की आतली पॉवर जाते. म्हणून काळी काच. खिडकीत ठेवलीत तर पाणी प्यायल्यासारखंच आहे मग."

कृष्णाबाईंनी बाटली पिशवीत टाकली. घरी येऊन झाकण उघडलं, देवाप्पांसाठी चमचा भरला, आणि वास नाकात शिरला. तोच. बरणीतला.

"काय झालं?" देवाप्पांनी विचारलं. चमचा हवेतच राहिला होता.

त्यांनी सगळं सांगितलं. देवाप्पांनी आधी औषध घेतलं. मग म्हणाले, "तुला कोण विचारतंय? त्यांनी तर बघितलंबी नाही. दही खाल्ल्यानं माणूस मरत नाही."

"मरत नाही. नेम मरतोय."

"मग सांग जा. पण तुझं नाव जाईल बघ. चार घरांत बोभाटा होईल, कृष्णाबाईनं औषध उन्हात जाळलं."

खरं होतं ते. तीस वर्षं तेवढं एक नावच तर कमावलं होतं.

पहाटे अंघोळ करून त्या दिवा लावायला बसल्या. फुलवातींसाठी हात नेहमीच्या जागी गेला, आणि हाताला लागलं ते तेच पिवळं पाकीट. डिसेंबरपासून वाती त्यातच होत्या. दाबून बंद होतं, वाती कोरड्या राहतात. रोज सकाळी ते हातात येत होतं. त्या दिवशी मात्र ते दत्तासमोर धरून त्या किती तरी वेळ बसल्या. वात काढली, तुपात भिजवली, दिवा लावला. मग उरलेल्या वाती वाटीत काढून ठेवल्या आणि पाकीट पिशवीत घातलं.

शलाकाताई त्या दिवशी घरूनच काम करत होत्या. मधुकरराव चहा पीत होते. कृष्णाबाईंनी पदर खोचला नाही, ओट्याकडेही गेल्या नाहीत. पाकीट टेबलावर ठेवलं.

"ताई, दही काढायच्या आधी एक सांगायचंय. तुमचा कोंडा मी उन्हात ठेवला होता. एकदा न्हाई, तीन बार. दिवस दिवसभर. काल औषधवाल्यानं सांगितलं, उन्हानं त्यातली ताकद जाते. तुमचं काही चुकलं न्हाई. माझ्या हातानं गेलंय ते."

ताईंनी लॅपटॉप मिटला.

"आणि हे काय?" मधुकररावांनी विचारलं.

"त्याचंच पाकीट. इंग्रजीत काय लिहिलंय मला कळत न्हाई. उन्हाचं लिहिलं असंल तर बघा, म्हणून आणलं. आत कापूस लागलाय, वाती होत्या."

मधुकरराव उठले, आतून भिंग घेऊन आले. पाकीट खिडकीपाशी नेलं आणि एका बाजूनं वाचायला सुरुवात केली, जसं पूर्वी कारखान्यात वाचत असतील तसं. बोट ओळीवरून सरकतंय, ओठ हलतायत.

"थंड, कोरड्या जागी ठेवा. उजेडापासून दूर. हे लिहिलंय." कृष्णाबाईंनी मान खाली घातली. "प्रथिनं... बी-वन... बी-टू... बी-सिक्स..." बोट थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. "शलाका, इकडे ये. यात बी-ट्वेल्व्ह कुठं आहे?"

"असतं ना बाबा. शमिका म्हणाली..."

"शमिका म्हणाली. पाकीट काय म्हणतंय?"

ताईंनी भिंग घेतलं. मग फोन घेतला, शमिकाच्या पाकिटाचा फोटो मागवला. तिच्या पाकिटावर बी-ट्वेल्व्ह बाहेरून मिसळल्याचं स्वच्छ छापलेलं होतं. यांच्या पाकिटावर अवाक्षर नव्हतं. रंग तोच, कोंडा तोच, कंपनी वेगळी. जे बाहेरून मिसळावं लागतं ते यात कुणी मिसळलंच नव्हतं.

"म्हणजे जे नव्हतंच," मधुकरराव कृष्णाबाईंकडे वळले, "ते तुम्ही उन्हात घालवलं कसं?"

कृष्णाबाईंना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्या टेबलाजवळ सरकल्या.

"मग माझं काही चुकलं न्हाई म्हणता?"

"चुकलं की. बी-टू मारलंत तुम्ही. रंग उतरला तो त्याचाच." त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "पण मोठी चूक या घरातल्या दोन इंजिनियरांची. तीन महिने कागद न वाचता माल पास केला. आमच्या वेळी यासाठी मेमो मिळायचा."

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण बाबा, कबूल केलंय मी. आकडा वर आला नाही."

मधुकररावांनी चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, पुन्हा ठेवला.

"चाचणीच झाली नाही तर निकाल कसला? जी वस्तू वापरलीच नाही तिच्यावर नापासाचा शिक्का मारायचा नसतो. डॉक्टरांना फोन कर. गोळी लिहून घे. आणि कॅप्सूल असेल तर वरचं आवरण जनावराच्या हाडांचं तर नाही ना ते विचार, नाहीतर परत तुझा घोटाळा व्हायचा."

डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात हेच तर सांगितलं होतं. कोंडा चवीला खा, भरवसा गोळीवर ठेवा. गोळी जंतूंपासून तयार होते, जनावरांचा तिथं संबंध नाही, हे ऐकल्यावर ताईंनी दोनदा "खरंच ना?" विचारून घेतलं.

जूनमधल्या रिपोर्टात आकडा दुपटीच्या वर गेला. मधुकररावांनी कागद वाचला, घडी केली, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या विषयावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी पिठलं होतं. आपल्या ताटात तूप घालून झाल्यावर त्यांनी बोटानं त्या कोंड्याकडे खूण केली.

"स्वल्प," ते म्हणाले. "चिमूटभरच. वास तसाच आहे अजून."

कोंडा आता स्टीलच्या डब्यात असतो, खालच्या कपाटात, तांदळाच्या मागे. मधुकररावांनी त्यावर मराठीत चिठ्ठी लिहून चिकटवली आहे: "अंधारात ठेवणे. कोरडा चमचा. ऊन दाखवू नये." चारही घरांना ही गोष्ट कळली, कारण कृष्णाबाईंनी स्वतःच सांगितली. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. उलट आता लोक नवं पाकीट आणलं की आधी त्यांच्या हातात देतात, आणि त्या म्हणतात, "थांबा, आधी वाचून दाखवा मला. मग बरणीत."

ते पिवळं पाकीट त्या परत घरी घेऊन गेल्या. वाती पुन्हा त्यातच आहेत.