रुमालाखालचा कौल

घोडेगावच्या बाजारात मी जनावरं तपासतो. तिथला एक म्हातारा दलाल गाईचा भाव रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून ठरवतो आणि तोंडानं पावसापाण्याचं बोलत राहतो.

परवा टपरीवर त्याच्यासोबत चहा घेताना मोबाईलवर बातमी आली. लढाई चाललेल्या एका देशात निवडणूक आहे, आणि जनमत चाचणीत सगळे राष्ट्राध्यक्षांच्याच बाजूनं. मी त्यांची तारीफ केली.

तो म्हणाला, "लढाईत दारावर येऊन इचारलं तर दुसरं काय सांगत्याल, डॉक्टर?"

त्यानं आपल्या हातावर रुमाल पसरला. राष्ट्राध्यक्षांना एक बोट, विरोधकाला दोन. टपरीवरच्या सगळ्यांनी आळीपाळीनं हात घातले. मी दोन बोटं धरली.

निकाल विचारला, तर रुमाल खांद्यावर टाकत तो म्हणाला, "सांगितला, तर उद्या ह्या रुमालात कोन हात घालंल?"